विकायच्या घराचे फोटो: चार महिने वाया गेल्यावर कळलेलं

उंबरठा

आईचं घर विकायला काढून चार महिने उलटले. ती आता माझ्याकडे राहते, त्यामुळे ते घर धड रिकामं नाही आणि धड राहतंही नाही. जाहिरात लावली होती, एजंटला सांगून ठेवलं होतं, ओळखीपाळखीत निरोप गेले होते. चार महिन्यांत पाहायला आली तीन माणसं. बाकीचे फोन "शेवटचा आकडा सांगा" इथेच संपायचे. घरात तसं नाव ठेवायला जागा नाही. हवा खेळती आहे, हॉलच्या खिडकीला लागून मोठं झाड आहे, सकाळभर छान उजेड असतो. मग अडतंय कुठे ते कळेना. किंमत उतरवायची तयारी आम्ही मनातल्या मनात केलीही होती.

एका रात्री झोप येईना म्हणून मी आमचीच जाहिरात उघडून बसले. जणू मला घर घ्यायचंय आणि मी हे घर आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, असं समजून. पहिला फोटो बंद दाराचा. दुसरा हॉलचा, रात्री फ्लॅश मारून काढलेला. टीव्हीच्या काळ्या काचेत फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्याच्या बाजूला फोटो काढणाऱ्याचं कोपर. सोफ्यावर घड्या व्हायचे कपडे. स्वयंपाकघराचा फोटो मोबाईल उभा धरून काढलेला, म्हणून त्यात ओट्याची एक पट्टी आणि वर अर्धं कपाट. बाथरूममध्ये कमोडचं झाकण उघडं, बादलीत भिजत घातलेलं काहीतरी. आणि झाड? झाडाचा फोटोच नव्हता. ज्या खिडकीपाशी आई वीस वर्षं रोज सकाळी बसली, ती खिडकी जाहिरातीत पडदा ओढून बंद होती.

हे फोटो एजंटने दहा मिनिटांत काढून नेले होते. त्याच्यापेक्षा जास्त चूक आमची, कारण ते लागल्यावर आम्ही एकदाही नीट पाहिले नाहीत. घर आमच्या डोळ्यांसमोर पाठ होतं. आम्हाला फोटोची गरज नव्हती, म्हणून समोरच्याला आहे हे सुचलंच नाही.

मग भावाने आणि मी दोन दिवस नुसतं आवरलं. फोटोसाठी आवरणं हे पाहुण्यांसाठी आवरण्यापेक्षा वेगळं निघालं. पाहुणा खोलीत वावरतो, त्याचं लक्ष माणसांकडे असतं. फोटोत प्रत्येक वस्तू सारख्याच ठळकपणे दिसते. फ्रिजवरची चिकटवलेली बिलं, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल, जमिनीवरची चार्जरची वायर, बेसिनवरचे अर्धे संपलेले साबण. डोळा एरवी हे सगळं गाळून टाकतो, कॅमेरा गाळत नाही. एक युक्ती उपयोगी पडली: आवरून झालं की मोबाईलवर एक कच्चा फोटो काढायचा आणि तो पाहून पुन्हा आवरायचं. प्रत्येक खोलीत तीन-तीन वेळा असं केलं तेव्हा कुठे जमलं.

फोटो सकाळी साडेनऊला सुरू केले, पडदे पूर्ण उघडून. नवीन फोटो लागून आज तीन आठवडे झाले. नऊ कुटुंबं घर पाहून गेली. घर अजून विकलेलं नाही, पण आता येणारी माणसं आत शिरल्यावर "ते झाड कुठल्या खिडकीतून दिसतं?" असं विचारतात. म्हणजे ती घर बघून आलेली असतात.

इथे कोणाला यातलं तांत्रिक कळत असेल, कोणी घर विकलं किंवा शोधलं असेल, तर जरूर लिहा. माझ्या एका अडचणीचं उत्तर अजून मिळालेलं नाही: खिडकी नीट दिसेल असा फोटो काढला की खोली काळी पडते, आणि खोली नीट दिसली की खिडकी पांढरीफटक.

लाकडी तिपाई

मी घरांचे आणि ऑफिसांचे फोटो काढतो, चौदा वर्षं झाली. तुमचा शेवटचा प्रश्न हा या कामातला खरा प्रश्न आहे, बाकीचं सगळं सवयीने जमतं.

आपण खोलीत उभं राहून आधी कोपऱ्यातलं कपाट पाहतो, मग खिडकीबाहेर पाहतो. तेवढ्यात बाहुली लहान-मोठी होते, मेंदू जुळवून घेतो, आणि आपल्याला वाटतं की दोन्ही एकदमच दिसलं. कॅमेऱ्याला एका फोटोत एकच एक्स्पोजर मिळतं, म्हणजे आत किती प्रकाश घ्यायचा ते एकदाच ठरतं. उन्हातलं अंगण आणि खोलीतला कोपरा यांच्यात सहा स्टॉपचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, म्हणजे सहा स्टॉप म्हणजे चौसष्ट पट. एवढं अंतर एका फोटोत मावत नाही.

उपाय दोन. पहिला फुकटचा: दिवस बदला. पातळ ढग असलेल्या दिवशी बाहेरचा प्रकाश मऊ आणि कमी असतो, फरक दोन-तीन स्टॉपवर येतो. किंवा ज्या खिडकीत सकाळी थेट ऊन येतं, त्या खोलीचा फोटो दुपारी काढा. प्रत्येक खोलीची स्वतःची वेळ असते. मी एखाद्या घराचं काम घेतलं की आधी एक चक्कर मारून कुठल्या खोलीत ऊन कधी येतं ते विचारून घेतो आणि तो क्रम लावतो.

दुसरा उपाय म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा लावून एकाच जागेवरून तीन किंवा पाच फोटो, प्रत्येकात दोन-दोन स्टॉपचा फरक, आणि नंतर ते एकत्र करणं. मोबाईलमधलं एचडीआर हेच स्वतःहून करतं. फक्त ते अति झालं की भिंती करड्या दिसतात आणि प्रत्येक वस्तूभोवती उजेडाची कड येते. ती कड दिसली की समजा जास्त झालं. मोबाईलवर करत असाल तर खिडकीच्या जवळच्या भिंतीवर बोट थोडा वेळ दाबून धरा, एक्स्पोजर तिथे अडकतं, मग थोडं खाली ओढा. खिडकी किंचित उजळ राहू द्या. खोलीत बसलेल्या माणसालाही ती उजळच दिसते.

दोन फोटो एकत्र करण्याची ही गरज डिजिटल कॅमेऱ्याच्या आधीचीच आहे. १९६० मध्ये छायाचित्रकार ज्युलियस शुल्मन यांनी लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या स्टाल हाऊसचा फोटो काढला. वास्तुविशारद पियर कोनिग यांनी आखलेलं काचेचं घर, आत बसलेल्या दोन मुली आणि पायाखाली दिव्यांनी भरलेलं शहर. तो फोटो एकाच फिल्मवर दोन वेळा उमटवलेला आहे. शहराच्या दिव्यांसाठी सुमारे सात मिनिटं शटर उघडं ठेवलं आणि मग आतल्या खोलीसाठी फ्लॅश उडवला. शहरासाठी वेगळा प्रकाश, खोलीसाठी वेगळा. आज आपण मोबाईलवर बोट दाबून तेच करतोय.

आता दुसरं, ज्याबद्दल मला फार वाटतं: उभ्या रेषा. कॅमेरा किंचितही वर किंवा खाली झुकला की दाराच्या चौकटी, भिंतींचे कोपरे तिरके होतात, घर आत किंवा बाहेर कलल्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण घर "कसंतरीच" वाटतं. मोबाईलमध्ये ग्रिड चालू करा आणि दाराची चौकट त्या उभ्या रेषेला समांतर धरा. छत कमी दिसतंय म्हणून मोबाईल वर वळवू नका, त्याऐवजी अख्खा मोबाईल थोडा वर उचला.

उंची साधारण छातीइतकी, १२० ते १४० सेंटीमीटर. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलं की जमीन फार आणि सामानाचे वरचे पृष्ठभाग दिसतात. स्वयंपाकघरात मात्र थोडं वर जावं लागतं, नाहीतर ओट्याची नुसती कड दिसते, ओटा दिसत नाही.

घरशोधू

मी दुसऱ्या बाजूचा. अकरा महिने घर शोधतोय. तिपाई, तुमच्या धंद्यातल्या काही लोकांनी आमची फार पायपीट केली आहे, त्यामुळे थोडं परखड लिहितो.

गेल्या महिन्यात एक घर पाहायला बायकोला घेऊन दीड तास प्रवास करून गेलो. फोटोत बेडरूम अशी की पलंगाभोवती लहान मूल सायकल चालवेल. प्रत्यक्षात पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली आणि दुसऱ्या बाजूने आडवं होऊन जावं लागतं. घर वाईट नव्हतं. फोटोशिवाय पाहिलं असतं तर कदाचित आवडलंही असतं. पण दारातच फसवलं गेल्याची भावना आली आणि मग मी भिंतीवर हात फिरवून तडे शोधायला लागलो. मालक बिचारे चांगले होते. पण त्या क्षणापासून त्यांचा एक शब्द मला खरा वाटेना.

आता मी फोटोतल्या कडेच्या वस्तू पाहतो. कडेला गोल टेबल अंडाकृती झालेलं दिसलं, फ्रिज भिंतीइतका रुंद दिसला, की समजायचं ताणलेला फोटो आहे.

आणि एक. जो फोटो नाही, तो मी आधी शोधतो. आठ फोटो, त्यातले चार हॉलचे आणि बाथरूमचा एकही नाही, म्हणजे तिथे काहीतरी आहे असं मी धरूनच चालतो. कदाचित काही नसेलही. पण मी ते घर यादीतून काढून टाकतो, विचारायला फोन करत नाही.

लाकडी तिपाई

घरशोधू, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. त्यात तंत्र एवढंच आहे: मोबाईलवरचं ०.५ चं बटण म्हणजे साधारण १३ मिलिमीटरची लेन्स, जवळपास १२० अंशांचा कोन. खोलीच्या एका कोपऱ्यातून जवळजवळ सगळं दिसतं, पण जवळचं अवाढव्य आणि लांबचं इवलंसं होतं. त्याने खोली खोल वाटते. १ चं बटण म्हणजे साधारण २४ ते २६ मिलिमीटर, ते खोलीशी बरंच प्रामाणिक राहतं. मी कॅमेऱ्यावर १६ ते २४ च्या मध्ये काम करतो आणि १६ फक्त बाथरूमसारख्या जागी, जिथे मागे सरकायला जागाच नसते. ०.५ वापरावंच लागलं तर कडेला गोल किंवा चौकोनी ओळखीची वस्तू ठेवू नका, आणि खोलीची मापं फोटोखाली लिहा. माप लिहिलेलं असलं की फोटो कितीही रुंद असो, फसवणूक होत नाही.

मधला माणूस

मी एजंट आहे. उंबरठाताई, दहा मिनिटांत फोटो काढून नेणारा मी नव्हे, पण तसं मीही केलंय, ते का होतं ते सांगतो.

घर दाखवायला दिलेल्यांपैकी बरेच जण फोटोसाठी वेळच देत नाहीत. "या संध्याकाळी, ऑफिसहून आल्यावर" असं सांगतात. संध्याकाळी सातला कसले फोटो येणार? घरात माणसं, मुलांचा अभ्यास चाललेला, कुकरची शिट्टी. आपण अवघडून चार क्लिक मारतो आणि निघतो. दिवसाउजेडी दोन तास आणि आवरलेलं घर एवढं मिळालं तर माझ्यासारखा साध्या मोबाईलवरही बरे फोटो काढतो.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. चांगले फोटो काढून मालक ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तिथे ते दाबून लहान होतात. मी ते जाहिरातीत टाकतो, तिथे ते पुन्हा दाबले जातात. दोनदा दाबल्यावर भिंतीवर चौकडे दिसायला लागतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा निदान एचडी निवडून पाठवा. फरक डोळ्यांना दिसतो.

आणि क्रम. लोक मोबाईलवर अंगठ्याने सरकवत जातात, त्यांना थांबवतो तो पहिला फोटो. तो घराच्या सगळ्यात चांगल्या जागेचा हवा, मग ती बाल्कनी असो की स्वयंपाकघर. त्यानंतर मात्र घरात शिरल्यावर जसं चालत जातो तसेच फोटो लावा: दार, हॉल, तिथून दिसणारं स्वयंपाकघर, मग आतल्या खोल्या. हॉल, बाथरूम, पुन्हा हॉल, मग बेडरूम असं झालं की माणसाच्या डोक्यात घराचा नकाशा बनत नाही. एका खोलीच्या फोटोत पुढच्या खोलीचं दार दिसेल असं पाहा, घर आपोआप जोडलं जातं. साधा हाताने काढलेला नकाशा शेवटी टाकला तर अर्धे प्रश्न फोनवर येतच नाहीत.

दिव्यांबद्दल मात्र माझं मत: सगळे दिवे लावूनच काढावेत. घर उजळ दिसतं.

लाकडी तिपाई

मधला माणूस, दिव्यांच्या बाबतीत माझं उलट मत आहे, म्हणजे दिवसाच्या फोटोंसाठी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा: पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा, खिडकीतला उजेड ५५०० च्या आसपास. दोन्ही एका भिंतीवर पडले की अर्धी भिंत नारिंगी आणि अर्धी निळसर. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय, कुठल्याही बाजूला ओढा, दुसरी बाजू बिघडते. पांढरी भिंत पांढरी दिसली नाही की ती मळकट वाटते, रंग कालच दिलेला असला तरी. उजेड पुरेसा असेल तर सगळे दिवे बंद करून एकदा काढून पाहा. खिडकी नसलेली खोली असेल तर अर्थात दिवे लावावेच लागतात. बाहेरून काढायचा एखादा फोटो सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, आकाश गडद निळं असताना, आतले दिवे लावून काढा. तिथे पिवळा उजेड शोभतो.

मधला माणूस

उद्या एका घरी दोन्ही करून पाहतो.

दुसरी चावी

सगळे घर सुंदर कसं दिसेल ते बोलताय, मी एक काळजीची गोष्ट लिहिते. आमच्या घराचे फोटो लागले तेव्हा दाराशेजारी खुंटीवर चाव्यांचा जुडगा लटकलेला होता, आणि फोटो इतका स्वच्छ होता की मोठा केल्यावर चावीचे दात मोजता येत होते. भाचीने लक्षात आणून दिलं. तिच्या अभ्यासात होतं की २००८ मध्ये सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञांनी नुसत्या फोटोवरून चालणारी चावी बनवून दाखवली होती, तीही लांबून काढलेल्या फोटोवरून. आम्ही त्याच दिवशी तो फोटो जाहिरातीतून काढून टाकला आणि कुलूप बदललं.

तेव्हापासून मी ओळखीत कोणी घर विकायला काढलं की फोटो मोठे करून बघते. भिंतीवरची प्रमाणपत्रं, त्यावर पूर्ण नाव आणि जन्मतारीख. टेबलावरच्या औषधांच्या बाटल्या. मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो. तिजोरीचं कपाट कुठल्या खोलीत आहे ते. खाली उभ्या गाडीचा नंबर. हे सगळं अनोळखी माणसाला, आणि हवं तितका वेळ न्याहाळायला, आपण होऊन देतोय. घरातले कुटुंबाचे फोटो उतरवून ठेवावेत ते आधी यासाठी. नवीन माणसाला त्या घरात स्वतःला पाहता येतं, हा फायदा नंतरचा.

मोबाईलच्या फोटोत जागेचं अक्षांश-रेखांशही साठवलेलं असतं, लोकेशन चालू असेल तर. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ते तसंच जातं. म्हणून मधला माणूस सांगतात तसं पाठवायचं असेल तर फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा.

उंबरठा

दुसरी चावी, तुमचं वाचून आत्ता जाऊन तपासलं. आईच्या औषधांचा डबा बेडरूमच्या फोटोत उशाशी दिसतोय, एका बाटलीवरचं नाव वाचता येतं. तो फोटो काढून टाकला, रविवारी पुन्हा काढेन. मनापासून आभार.

भाडेकरी

एक विनंती, घरमालक वाचत असतील तर. आम्ही राहत असलेलं घर विकायला निघालं तेव्हा मालकांनी न सांगता फोटो काढले. आमचा पलंग, आमची कपाटं, मुलीचं दप्तर, सगळं जाहिरातीत. घर तुमचं असलं तरी आतला संसार आमचा आहे. दोन दिवस आधी सांगितलं असतं तर आम्हीच आवरून, बाजूला करून दिलं असतं, आणि फोटोही चांगले आले असते. विचारून या, एवढंच.

रिकामी खोली

आमचं उलटं झालं. घर पूर्ण रिकामं करूनच फोटो काढले, वाटलं स्वच्छ आणि मोठं दिसेल. फोटोत सगळ्या खोल्या सारख्याच दिसायला लागल्या, पांढरे खोके. कुठली मोठी, कुठली लहान काही कळेना. डोळ्याला मोजायला काहीतरी लागतं. शेवटी शेजारच्यांकडून दोन खुर्च्या, एक लहान टेबल आणि एक दिवा आणला आणि तेच चार नग खोली-खोलीतून फिरवत फोटो काढले. हॉलमध्ये खिडकीपाशी खुर्ची, आत टेबल. एवढ्यानेच खोल्यांना आकार आला. आता संगणकावर खोटं फर्निचर टाकून मिळतं, तसं एकाने सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. खोटा सोफा खोलीत बसतो की नाही हे कोणी मोजलेलं नसतं.

ओलीची भिंत

मला नेमका सल्ला हवाय. आमच्या मागच्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे. फार नाही, खिडकीच्या खाली दोन हात पसरतील एवढी, रंगाचे पोपडे निघालेत. दुरुस्ती करणारा म्हणतो भिंत पूर्ण वाळल्याशिवाय काम नको, म्हणजे दीड-दोन महिने. घर आत्ताच लावायचंय. एजंट म्हणतो पलंग सरकवून झाका, किंवा मोबाईलवरच पुसून टाका, एका बोटाचं काम आहे. मला रात्रभर झोप नाही. काय करू?

लाकडी तिपाई

पुसू नका. मी माझ्यासाठी एक रेघ आखून घेतली आहे: जे फोटो संपल्यावर पाच मिनिटांत जागेवर परत येतं ते हलवायला हरकत नाही. बादली, वायर, गाडी, कचऱ्याचा डबा. जे घरासोबत खरेदीदाराला मिळणार आहे, त्याला हात लावायचा नाही. ओल, तडा, समोरचा विजेचा खांब, खिडकीसमोरची दुसऱ्या इमारतीची भिंत. मला एकदा खांब पुसून द्या म्हणून विनवणी झाली होती. मी काम सोडलं. आकाश थोडं उजळ करणं वेगळं आणि खांब उडवणं वेगळं.

घरशोधू

ओलीची भिंत, मी तुमचं घर पाहायला येणारा माणूस आहे असं समजा. ओलीचा फोटो टाका, जवळून, स्पष्ट, आणि खाली लिहा: ओल कुठून येते, दुरुस्ती कधी आहे, कोण करणार. मी घाबरणार नाही. अकरा महिन्यांत पाहिलेल्या बहुतेक जुन्या घरांत कुठे ना कुठे ओल होतीच, पण मला आधी सांगितलं असं एकही घर नव्हतं. जो ओल दाखवतो त्याचे बाकीचे फोटो मी खरे धरेन.

उंबरठा

आमच्याकडेही बाथरूमच्या मागच्या भिंतीला एक डाग आहे, दोन वर्षांपूर्वीच्या गळतीचा. गळती थांबली, डाग राहिला. नवीन फोटो काढताना मी तो टाळूनच काढला होता, आता हे वाचून अस्वस्थ झाले. तोही टाकते.

पट्टेदार

मध्येच विचारतो. माझ्या मोबाईलवर स्वयंपाकघराच्या प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे येतात. मोबाईल बिघडला आहे का?

लाकडी तिपाई

मोबाईल ठीक आहे, दिवा लुकलुकतोय. साध्या एलईडी आणि जुन्या ट्यूबलाइट विजेच्या लयीवर उघडझाप करतात, ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा. डोळ्याला कळत नाही, पण शटर त्याहून वेगाने चाललं की फोटोत पट्टे उमटतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथे सेटिंग हाताने ठरवता येतं, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातील. मोबाईल कशावर तरी टेकवून ठेवा, नाहीतर १/५० ला हात हलतो. आणि छताचा पंखा बंद करा, फिरता पंखा फोटोत राखाडी डाग होतो. दिवसा दिवाच बंद केला तर हा प्रश्न मुळातच येत नाही.

मधला माणूस

तिपाई, दोन्ही करून पाहिलं. हॉल दिवे बंद करून जास्त चांगला आला, भिंत खरंच पांढरी दिसली. मधला अंधारा पॅसेज मात्र दिवा लावल्याशिवाय जमला नाही. यापुढे मालकांकडे सकाळचे दोन तास मागूनच घेणार, त्याशिवाय जाहिरात लावणार नाही असं ठरवलंय.

ओलीची भिंत

फोटो टाकला. खाली सगळं लिहिलं. एजंट नाराज आहे, पण मला झोप लागली.

उंबरठा

पाच आठवड्यांनी लिहितेय. घर ठरलं.

ज्यांनी घेतलं ते दोघं पहिल्यांदा आले तेव्हा बाईंच्या मोबाईलवर आमचे फोटो उघडलेले होते. मला वाटलं आधी खिडकीकडे जातील. त्या थेट बाथरूमच्या मागच्या भिंतीशी गेल्या, मोबाईल डागाच्या शेजारी धरला, फोटोतला डाग आणि भिंतीवरचा डाग आलटून-पालटून पाहिला. मग बोटाने भिंत दाबून पाहिली. कोरडी होती. "तेवढाच आहे," असं नवऱ्याला म्हणाल्या आणि मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. त्यानंतर घरभर फिरताना तो पुन्हा बाहेर आला नाही. तासभर थांबल्या. जाताना आईला विचारलं, सकाळी ऊन किती वाजेपर्यंत असतं. आईने झाडाच्या सावलीचा अख्खा हिशेब सांगितला, कुठल्या ऋतूत कुठल्या फरशीपर्यंत येते ते.

आज जाहिरात उतरवली. सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, त्यातलं बरंच मी जसंच्या तसं केलं. मूळ फोटो पुसू नकोस असं आई सांगतेय. हॉलच्या खिडकीचा, पडदे उघडे असलेला, तिला मोठा करून हवाय. तिपाई, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर छपाईला चालेल ना?

लाकडी तिपाई

चालेल. कॅमेऱ्यातली मूळ फाइलच द्या, जाहिरातीवरून उतरवलेली नको. खिडकी किंचित उजळ आहे, ती तशीच राहू द्या.